श्रीसंत भगवानबाबा

बीड जिल्ह्याच्या पश्चिमेस पाटोदा नांवाचा तालुका आहे. बालाघाटाचे उघडेबोडके डोंगर, मुरमाड जमीन, वेळेवर चार सरी पडल्या तर बाजरी-ज्वारी पदरांत पडावयाची, नाहीं तर गुरांसह गांव सोडावयाचें, असा हा मुलूख. मौजेची गोष्ट अशी कीं, मांजरा आणि सिंदफणा या दोन्ही नद्या याच डोंगरांत उगम पावतात आणि येथील शेतें कोरडीं ठेवून दूरच्या रानांस भिजवावयास निघून जातात. याच तालुक्यांतील सावरगांव या खेड्यांत ता. २९ जुलै १८९६ रोजीं तुबाजी सानप व कौतिकाबाई या वंजारी शेतकरी दांपत्याच्या पोटीं एक मुलगा जन्मास आला. त्याचें नांव आबाजी. पुढें हाच आबाजी भगवानबाबा या नांवानें बीड, अहमदनगर व भोंवतालच्या जिल्ह्यांत घरोघरीं माहीत झाला, आणि त्याच्या शब्दाखातर असंख्य कष्टकरी माणसांनीं दारूचा पेला व मांसाचें ताट कायमचें दूर लोटलें.

विद्यार्थिमित्रहो, आपली शाळा ख्रिस्ती मिशनची. आणि हें चरित्र एका वारकरी साधूचें. या पानांत तें कां यावें, असें कोणास वाटल्यास त्यानें एवढेंच ध्यानांत आणावें कीं, मद्यपानाच्या शत्रूंना पंथ नसतो. आपल्या मिशनरी गुरुजनांनींही या देशांत पाऊल टाकल्यापासून दारूविरुद्ध झुंज दिली, आणि त्या झुंजींत त्यांना जें साधलें व जें साधलें नाहीं, तें दोन्ही या डोंगरांतल्या साधूच्या चरित्राशेजारीं ठेवून पाहण्याजोगें आहे.

आबाजी तीन-चार वर्षांचा असतांना १८९९-१९०० चा तो भयंकर दुष्काळ पडला, ज्याला आपलीं वृद्ध माणसें छपन्नचा दुष्काळ म्हणत. त्याचा घाव केवढा खोल होता, हें शिरगणतीच्या आंकड्यांवरून दिसतें. १८९१ सालीं बीड जिल्ह्यांत सहा लाखांहून अधिक माणसें होतीं. १९०१ सालीं तीं पांच लाखांच्याही खालीं आलीं. वंजारी समाजाची स्थिति आधींच बिकट झालेली. बैलांच्या तांड्यांवर धान्य व मीठ लादून मुलूखभर वाहतूक करावी, हा त्यांचा पिढीजाद धंदा. रस्ते झाले, आगगाडी झाली, आणि बैलाच्या पाठीवरचें ओझें दुसऱ्यानेंच उचललें. मागें उरली ती डोंगरउतारावरची हलकी जमीन. शिवाय हा प्रांत तेव्हां निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता, आणि शेतसाऱ्याच्या खालोखाल संस्थानच्या उत्पन्नाची मोठी बाब म्हटली म्हणजे आबकारी. मोहाची दारू आणि शिंदी विकण्याचे मक्ते लिलावानें दिले जात. मक्तेदारानें जितकी चढी बोली करावी, तितकी दारू त्यानें खपविली पाहिजे, हा सरळ हिशेब. राज्याची तिजोरी आणि कलालाचें दुकान यांचा संबंध असा जडलेला असतां प्रजेनें पिऊं नये, असें कोणास वाटणार? पिकाचे चार पैसे हातीं आले कीं ते बाजाराच्या दिवशीं गुत्त्यावर जावयाचे. लग्न असो, बारसें असो, जत्रा असो, बोकड आणि बाटली यांवांचून पाहुण्यांचा मान राखला जात नसे. आणि उणें पडलें तर सावकार उभाच होता. हें एका जातीचें वर्णन नव्हे. त्या डोंगरांत घाम गाळणाऱ्या बहुतेक सर्वच लोकांची ही रीत होती.

अशा मुलखांत आबाजीला लहानपणींच पंढरीच्या वारीचें वेड लागलें. बीडजवळ नारायणगड म्हणून एक जुनें संस्थान आहे. नगद नारायण महाराजांच्या नांवानें तें ओळखलें जातें. तेथील माणिकबाबांच्या पायांशीं हा मुलगा गेला व त्यांचा शिष्य झाला. भगवान हें नांव त्याला तेथेंच मिळालें. पुढें नेकनूरचे बंकटस्वामी यांच्या सहवासानें त्याच्या भक्तीला विद्येची जोड मिळाली. बंकटस्वामी हे पुण्याच्या विष्णुबुवा जोग यांच्या शिष्यांपैकीं. जोग महाराज म्हणजे एक विलक्षण पुरुष! तरुणपणीं तालमींत मेहनत केलेले, आजन्म ब्रह्मचारी, आणि वारकऱ्यानें नुसतें टाळ कुटून भागणार नाहीं, त्यानें ग्रंथ शिकला पाहिजे, असा आग्रह धरणारे. १९१७ सालीं त्यांनीं आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली. त्याच आळंदीस बंकटस्वामींच्या छायेखालीं भगवानबाबांनीं ज्ञानेश्वरी व गाथा यांचा अभ्यास केला आणि ते कीर्तनकार होऊन आपल्या डोंगरांत परत आले. पुण्यामुंबईकडे कीर्तनकाराला श्रोता व बिदागी दोन्ही बरी मिळत. परंतु हा गृहस्थ फिरला तो पाटोदा, गेवराई, पाथर्डी, शेवगांव अशा कोरड्या तालुक्यांतून, आणि बहुधा पायीं किंवा घोड्यावर. त्यांच्या हयातींत बीड शहरालादेखील आगगाडीची शीळ कधीं ऐकूं आली नाहीं, मग खेड्यांची काय कथा!

आतां त्यांच्या कार्याचें मर्म. तें एका तुळशीच्या माळेंत सांठवलें आहे.

वारकरी होणें म्हणजे गळ्यांत तुळशीची माळ घालणें. माळ घातली कीं मद्य वर्ज्य, मांस वर्ज्य, परस्त्री मातेसमान, खोटें बोलावयाचें नाहीं, एकादशीचा उपवास, रोज हरिपाठ आणि वर्षांतून पंढरीची वारी. नेम थोडे व स्पष्ट आहेत. भगवानबाबांनीं यांत नवें असें कांहींच घातलें नाहीं. त्यांनीं केलें तें एवढेंच कीं, जो नेम एखाद्या घरांतला एखादा भाविक मनुष्य पाळीत असे, तो वस्तीच्या वस्तीस, भावकीच्या भावकीस एकदम घ्यावयास लाविलें. ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते. परंतु दारू कशी सुटते व कशी सुटत नाहीं, याचा ज्याला अनुभव आहे, त्याला तिचें महत्त्व तत्काळ पटेल. मनुष्य पितो तो क्वचितच एकटा पितो. सोयरा आग्रह करतो, भाऊबंद हिणवतात, जत्रेंत शेजारी हात धरून ओढतात. एकट्यानें सोडली तर तो पंगतींतून उठला, असेंच लोक मानतात. सगळ्या पंगतीनेंच सोडली तर मग आग्रह करावयास उरलें कोण?

येथें आपल्या मिशनऱ्यांच्या प्रयत्नांशीं तुलना करण्याचा मोह आवरत नाहीं. विलायतेंतील पार्लमेंटचे सभासद विल्यम केन यांनीं व त्यांच्या मित्रांनीं हिंदुस्थानांतील मद्यपाननिषेधासाठीं एक मोठी संस्था स्थापिली. व्याख्यानें झालीं, पत्रकें निघालीं, आणि कागदावर सह्या घेऊन प्रतिज्ञा करविण्यांत आल्या. हेतु पवित्र होता. पण विसाव्या शतकाच्या आरंभीं हैदराबाद संस्थानांत शंभर माणसांमागें पांचांनासुद्धां लिहितां-वाचतां येत नव्हतें. ज्याला सही करतां येत नाहीं, त्याच्या हातीं प्रतिज्ञापत्रक देऊन काय उपयोग? आणि सही केलेला कागद पेटींत राहतो. पेटींतला कागद गुत्त्याच्या दारांत कोणाला दिसत नाहीं. माळ मात्र गळ्यांत असते. ती कलालाला दिसते, मित्राला दिसते, बायकोला दिसते आणि पोरांनाही दिसते. कीर्तनाच्या द्वारें हें काम करतां येतें, हें आपल्यांतील रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं ओळखलें होतें व म्हणूनच त्यांनीं ख्रिस्ती कीर्तनें केलीं; परंतु माळेसारखें खुणेचें व्रत आपल्या मंडळींस सांपडलें नाहीं, असें मला नम्रपणें वाटतें.

अर्थात् माळेलाही तिचे रोग आहेत. माळ काढून खुंटीस अडकवावी, रात्रीं पोटभर प्यावें आणि सकाळीं ती पुन्हां गळ्यांत घालून टाळ हातीं घ्यावा, असे महाभाग प्रत्येक गांवांत निघतात. दुसरा रोग याहून सूक्ष्म आहे: मी माळकरी, तूं पिणारा, असा अभिमान. ज्या समाजाला वरचे लोक हिणवीत आले, त्याला आपण कोणापेक्षां तरी शुद्ध झालों, हें सुख फार गोड लागतें. भगवानबाबांच्या सर्व अनुयायांना हा दोष टाळतां आला, असें म्हणणें खोटेपणाचें होईल. परंतु दोषांचा हिशेब मांडतांना जमेची बाजूही मांडली पाहिजे, आणि ती बाजू पुरुषांपेक्षां स्त्रियांनाच अधिक ठाऊक. नवऱ्याच्या गळ्यांत माळ पडली म्हणजे बाजाराच्या दिवशीं सायंकाळीं घरांत काय येतें व काय येत नाहीं, हें त्यांनीं चुलीजवळ बसून पाहिलें. धान्य येतें, मार येत नाहीं.

दारूइतकाच कठीण प्रश्न बोकडांचा होता. गांवोगांवच्या जत्रांतून नवसाचे बोकड कापले जात. त्यासाठीं ऋण काढीत, आणि ऋण काढून जमलेल्या पंगतींत पुन्हां दारू. देवाचें देणें चुकविलें तर गुरें मरतील, पोर दगावेल, हें भय पिढ्यान्‌पिढ्यांचें. हें भय तर्कानें जात नाहीं. सुशिक्षित मनुष्य हंसून तें उडवून लावील, पण ज्याचें पोर तापानें फणफणलें आहे त्याच्यापुढें त्याचें हंसूं टिकावयाचें नाहीं. भगवानबाबांनीं हंसणें टाळलें. देवाचें देणें द्या, पण रक्ताऐवजीं नाम द्या, नारळ द्या, अन्न द्या, अशा वळणानें त्यांनीं लोकांस आणलें. मला वाटतें, त्यांच्या यशाचें रहस्य या अदलाबदलींत आहे. रिकामी केलेली जागा त्यांनीं कधीं रिकामी ठेविली नाहीं. बोकडाची पंगत मोडली आणि त्या जागीं त्यांनीं सप्ताहाची पंगत मांडली.

हा सप्ताह म्हणजे प्रसिद्ध नारळी सप्ताह. त्याची रचना थोडी विस्तारानें सांगण्यासारखी आहे. सात दिवस अखंड हरिनाम चालावयाचें. विणेकऱ्यानें वीणा खालीं ठेवावयाची नाहीं. एकाच्या गळ्यांतून ती दुसऱ्याच्या गळ्यांत जाते, आणि टाळकऱ्यांचे पहारे रात्रंदिवस बदलत राहतात. पहांटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचें पारायण, सायंकाळीं हरिपाठ, रात्रीं कीर्तन, आणि अखेरच्या दिवशीं काल्याचें कीर्तन होऊन महाप्रसाद. भाकरी कोणा एका श्रीमंताच्या घरची नसते. आसपासच्या खेड्यांतून बायका भाकरीच्या टोपल्या पाठवितात व त्या सर्वांच्या एकत्र होतात. काल्याच्या वेळीं पुढील वर्षीं सप्ताह करूं इच्छिणाऱ्या गांवास मानाचा नारळ दिला जातो. त्यावरून या सप्ताहास हें नांव पडलें. नारळ मागावयास गांवें चढाओढीनें पुढें येतात. आतां पाहा, ज्या गांवानें नारळ घेतला त्याच्यापुढें उभें एक वर्ष असतें. रस्ता नीट केला पाहिजे, पाण्याची सोय पाहिली पाहिजे, धान्य गोळा केलें पाहिजे, आणि ज्या दोन भावक्या बांधावरून एकमेकींचें तोंड पाहत नाहींत त्यांना एका मांडवाखालीं आणलें पाहिजे. गांवांत गुत्ता चालू ठेवून संतांना कोणत्या तोंडानें बोलवावें, हा विचारही ओघानेंच येतो. सात दिवसांचा उत्सव. परंतु त्याचें खरें काम आधींच्या तीनशें दिवसांत होऊन जातें.

बाबांनीं पाण्यावर आसन घालून ज्ञानेश्वरी वाचली, अशी कथा भाविक सांगतात व तिचीं चित्रेंही घरोघरीं दिसतात. भाविकांच्या श्रद्धेस मी धक्का लावूं इच्छीत नाहीं. पण ज्यानें बाजाराच्या दिवशीं गुत्त्यावरून माणूस परत फिरविला, त्याला पाण्यावर बसण्याची गरज काय, असें माझ्या मनांत येतेंच.

याच काळांत विदर्भांतून निघालेले गाडगे महाराज हातांत खराटा घेऊन महाराष्ट्रभर हिंडत होते. १८७६ सालीं जन्मलेल्या या डेबूजीचे वडील झिंगराजी हे दारूच्या पायीं अकालीं मेले व घरदार उद्ध्वस्त झालें. त्यामुळें दारू व बोकड यांवर त्यांचा राग आगीसारखा होता. मुलीच्या बारशाला त्यांनीं जातभाईंची नाराजी पत्करून गोडाचें जेवण घातलें. दोघांचें सांगणें एकच, परंतु दोघांचे मार्ग किती भिन्न! गाडगेबाबांनीं शिष्य केला नाहीं, गादी मांडली नाहीं. सकाळीं गांव झाडावा, रात्रीं कीर्तन करावें व पुढील गांवचा रस्ता धरावा. भगवानबाबा हे परंपरेंतले: गुरु, गड, दिंडी, सप्ताह, वारसा, सर्व कांहीं असलेले. गाडगेबाबांच्या कीर्तनानें मनुष्य हलून जाई. भगवानबाबांच्या व्यवस्थेनें तो पुन्हां मागें सरकत नसे. कोणतें श्रेष्ठ, हा वाद करणारांनीं खुशाल करावा.

परंतु गड आणि गादी म्हटली कीं कलह आलाच, आणि या चरित्रांतला सर्वांत दुःखाचा भाग येथें येतो. ज्या नारायणगडावर भगवानबाबा लहानाचे मोठे झाले, ज्याच्या नांवानें त्यांनीं दिंडी चालविली व गांवोगांव माळा घातल्या, त्याच गडावर त्यांच्याविरुद्ध मन कलुषित झालेली मंडळी उभी राहिली. मतभेद वाढले, आरोप झाले. त्या प्रकरणाची चिकित्सा करण्याचें हें स्थळ नव्हे. वादांत ते उतरले नाहींत, एवढें निश्चित. गड, गादी, तेथील सर्व उभारणी मागें टाकून ते नेसत्या वस्त्रानिशीं निघाले. हा देश सोडून हिमालयाकडे जावें, असा त्यांचा बेत होता, आणि खरवंडीच्या लोकांनीं त्यांना वाटेंत अडविलें, असें परंपरेंत सांगतात. वयाचीं पन्नास वर्षें उलटून गेलेलीं. अशा वेळीं मनुष्य एक तर खचतो, नाहीं तर कडवट होतो. बाबांनीं जवळची एक ओसाड टेकडी पाहिली. धौम्य ऋषींच्या नांवानें ती धौम्यगड म्हणून ओळखली जाई. तेथें ना पाणी, ना सांवली. त्या टेकडीवर त्यांनीं दगडावर दगड ठेवून पहिल्यापासून आरंभ केला, आणि लोकांनीं बैलगाड्यांतून दगड, चुना, पाणी वाहून आणलें. ज्यांनीं बाटलीचे पैसे वांचविले होते, तेच येथें हात सैल करूं शकले, हें सहज ध्यानांत येण्यासारखें आहे.

ती टेकडी अगदीं सीमेवर आहे, आणि सीमेचा हा योग विचार करण्याजोगा आहे. टेकडीच्या पलीकडचा पाथर्डी तालुका मुंबई राज्यांत होता. तेथें १९४९ सालीं दारूबंदीचा कायदा झाला आणि १९५० सालीं सर्व राज्यांत पूर्ण बंदी लागू झाली. अलीकडचा बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरांत निजामाच्या सत्तेंतून मुक्त झाला खरा, तरी तो १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांतच राहिला, आणि तेथें आबकारीचें उत्पन्न चालूच होतें. म्हणजे एका बाजूस पिणें हा गुन्हा आणि दुसऱ्या बाजूस पिणें हें सरकारचें उत्पन्न! दोहोंच्या मध्यें एक साधु बसलेला, आणि त्याच्या गळ्यांतील माळेचा नियम दोन्ही बाजूंस सारखाच. बंदीच्या मुलखांत चोरून हातभट्ट्या लागल्या, पोलिसांना त्या पुरत्या मोडतां आल्या नाहींत, आणि पुढें महाराष्ट्र सरकारनें कायदाही सैल केला. माळ ज्यांनीं मनापासून घातली होती, त्यांच्या घरीं कायदा आला तेव्हां कांहीं बदललें नाहीं व सैल झाला तेव्हांही कांहीं बदललें नाहीं.

१९५८ सालीं मुंबई राज्याचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण या गडावर आले आणि त्याला भगवानगड हें नांव रूढ झालें. मोठमोठे लोक येऊं लागले; बाबांनीं मात्र त्यांच्यापुढेंही आपल्या लोकांचे प्रश्न मांडले, आणि त्यांत पहिला प्रश्न शिक्षणाचा. एकर विकावा लागला तरी चालेल पण मुलें शिकवा, असा त्यांचा उपदेश आजही त्या भागांतले वृद्ध सांगतात. ज्या मुलखांत जमिनीचा तुकडा म्हणजे जीव कीं प्राण, तेथें हें सांगणें किती धाडसाचें! गडावर त्यांनीं मुलांच्या शिक्षणाचीही सोय केली. दारूचे पैसे वांचले तर ते कोठें जावे, याचें उत्तर त्यांच्यापाशीं तयार होतें.

त्यांच्या उत्तरायुष्यांत या डोंगरांतल्या माणसांपुढें एक नवीन जीवन उभें राहिलें. नगर जिल्ह्यांत प्रवरानगरास सहकारी साखर कारखाना निघाला, त्यापाठोपाठ दुसरे निघाले, आणि दसरा-दिवाळी झाली कीं पाटोदा-पाथर्डीकडील नवराबायको कोयता घेऊन ऊसतोडीस जाऊं लागलीं. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, पांचसहा महिने पाचटाच्या कोपींत राहावयाचें, आणि हंगाम सरल्यावर उरलेलें देणें डोक्यावर घेऊन परत यावयाचें. उचलीची रक्कम एकदम हातीं पडते. ती घरांत पोंचण्याच्या आधीं वाटेंत किती मोह! अशा टोळ्यांतून सायंकाळीं कोपीबाहेर कोठें हरिपाठ ऐकूं येई, तर कोठें भांडण ऐकूं येई.

प्रकृति क्षीण झाल्यावर बाबांना पुण्यास नेण्यांत आलें व तेथें ता. १८ जानेवारी १९६५ रोजीं त्यांनीं देह ठेविला. त्यांचा देह पुन्हां त्याच टेकडीवर आणण्यांत आला. तेथें त्यांची समाधि आहे. नारळी सप्ताह त्यांच्यामागें थांबला नाहीं. दरवर्षीं नव्या गांवीं मांडव पडतो, वीणा एका गळ्यांतून दुसऱ्या गळ्यांत जाते, आणि काला झाल्यावर पुढच्या वर्षाचा नारळ हातीं घ्यावयास कोणत्या तरी खेड्यांतलीं चार माणसें टोपी सांवरीत, गर्दींतून वाट काढीत पुढें येतात.